मल्लेशमच्या ओठाचा कोपरा

“बगा की अक्का नीट. आज दुसरं कुनी आलेलंच न्हाई हितं.”

“बगितलं. ह्ये आमचे न्हाईत.”

“आसं कसं म्हन्ता? पायाच्या आंगट्याला चिट्टी हाय बांदलेली. नाव वाचून दाकवू का?”

“चिट्टी आमची असंल. मानूस आमचं न्हाई. ह्ये तर ब्यांकेतलं सायेब दिसतंय.”

दारात उभा असलेला पुतण्या कावला. “काकी, लई चांगलं झालंय की. बरं म्हन आन् चल भाईर.”

“तू गप रे. तुला काका फुटूत ठावं. मला घरात ठावं.”

ट्रॉलीच्या डोक्याकडं पीरसाब नदाफ उभा होता. हातात कापसाचा ओला बोळा तसाच. खरं तर बाईचं बोलणं ऐकून हसू यायचं, पण त्याला राग आला. पहाटेपासून तो या एका तोंडाशी झटत होता.

मल्लेशम म्हणजे या बाईचा, शांतम्माचा, नवरा. चादरीच्या मागावर उभा राहून राहून म्हातारा झालेला विणकर, छातीत पाणी होऊन गेला. एकुलता पोरगा लक्ष्मीपती मस्कतला क्रेनवर. त्याला आधी सुट्टी मिळेना, मग तिकीट मिळेना. तोवर कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, त्यांच्या दीड खोलीच्या घरात, भाड्याची बर्फाची पेटी आणून मल्लेशमला तिच्यात ठेवला होता. गार पेटीत माणूस नासत नाही, पण सुकतो. भाकरी उघडी राहिली की कड धरते, तसं तोंड कड धरतं. त्यात लाइटीचा लपंडाव. शेवटी पोरगा हैदराबादला उतरणार असं नक्की झालं. त्याला बाप दाखवायचा आणि मग मयत तेलंगणातल्या मूळ गावी न्यायचं. म्हणजे आणखी एक दिवस गेला. पेटीवरचा भरवसा तर उडालेला. म्हणून औषध भरायला आज दिवस उगवायच्या आत त्याला सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात आणलं.

औषध भरणं हे पीरसाबचं काम. लांबच्या गावी न्यायचं असलेलं मयत, विमानानं पाठवायचं मयत, पोरं शिकतात त्या हॉलमधली मयतं, सगळी त्याच्या हाताखालून जायची. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम यायच्या, बघायच्या, औषधाचं माप सांगायच्या, सही करायच्या आणि लेक्चरला जायच्या. मांडीतली शीर उघडून औषध आत सोडायचं. फॉर्मालिन नासू देत नाही, पण ते माणसाला लाकडासारखं सुकवतं. म्हणून त्यात ग्लिसरीन घालायचं, ते पाणी धरून ठेवतं. आधीच सुकलेला असला तर ग्लिसरीनचा हात सैल सोडायचा. हे झालं पोटातलं. तोंडाचं काम निराळं. पापण्यांवर कोमट पाण्याचे बोळे ठेवायचे, ओठांना मलम चोळायचं, खोल गेलेल्या डोळ्याखाली कापसाचा पातळ पापुद्रा सरकवायचा, बसलेले गाल आतून कापूस घालून वर आणायचे.

“बाप गाद्या भरायचा, ह्यो गालं भरतोय,” असं कॉलेजातले शिपाई त्याला म्हणायचे. ते खोटं नव्हतं. टेंभुर्णीकडच्या गावागावात फिरून पीरसाबचा बाप कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि ते बंद पडलं. पोरगा सोलापुरात येऊन कॉलेजात झाडूवाला म्हणून लागला. हॉलवर तेव्हा आप्पा नावाचा म्हातारा होता. त्यानं या पोराचा कापसावरचा हात बघितला आणि झाडू काढून घेतला. “जितं मानूस तहान लागली की मागून घेतंय,” आप्पा सांगायचा, “ह्येनं कुनाला मागायचं? तू बगायचं. पयले ओट बगायचे, मग पापन्या, मग बोटाची टोकं.” आणि दुसरं सांगायचा, “घरच्यांकडनं फुटू मागून घ्यायचा. आपल्या मनानं तोंड करायचं न्हाई.”

तर पीरसाबनं फोटो मागितला होता. पुतण्यानं मोबाइलवर पाठवला. कुणाच्या तरी लग्नातला, स्टुडिओत धुवून घेतलेला. मल्लेशमच्या अंगात कोट. गाल भरलेले, रंग उजळ, ओठ सरळ रेघेत मिटलेले. पीरसाबनं मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला आणि बघून बघून ते तोंड उभं केलं. ओठ आतून एका टाक्यानं मिटवले. काम संपलं तेव्हा त्याला स्वतःलाच बरं वाटलं होतं. एरवी बरं वाटलं तरी ते सांगायला तिथं कुणी नसतं. पुतण्यानं “एक नंबर, मामू” म्हटलं, ते त्यानं मनात ठेवून घेतलं.

आणि आता ही बाई म्हणते, ब्यांकेतला साहेब.

“अक्का, ऐका माजं. जीव गेला की मानूस येगळंच दिसतंय. सगळ्यास्नी आसंच वाटतंय.”

“मला शिकवू नका. मी दातखीळ बसलेलं तोंड बगितलंय, पेटीतलं तोंड बगितलंय. सुकल्यालं व्हतं, पर त्येंचं व्हतं. आता ओलं हाय आन् दुसऱ्याचं हाय.” शांतम्मा ट्रॉलीजवळ आली. “ह्यो ओट आसा कुटं व्हता? ह्यो डावा कोपरा?”

“कसा व्हता मग?”

तिनं आपल्या तोंडानं करून दाखवलं. ओठांचा चंबू केला, डाव्या अंगाला ओढला आणि आत वारा ओढला. सुईत दोरा ओवताना बाई करते तसं, पण एका बाजूनं.

“मागाच्या धोट्यात सुताची कांडी घातली की त्येच्या भोकातनं सूत तोंडानं वडायचं. पुडचे दात गेल्यावर ह्या कोपऱ्यानं वडायचे. जल्मभर. सुतानं खाच पडली व्हती ओटाला. झोपल्यावरबी तोंड तसंच ऱ्हायाचं. मी म्हनायची, झोपेत तरी माग बंद करा. पोरगं सा म्हैनं फोनवर बापाचं नुसतं नळी लावल्यालं नाक बगतंय. आता ह्ये सायेबाचं तोंड त्येला दाकवू? हे बगून त्येला रडूसुदिक येनार न्हाई.”

पुतण्याचा फोन वाजला. पोराला हैदराबादहून आणणाऱ्या गाडीनं जहिराबाद सोडलं होतं.

पीरसाबनं ओठाला बोट लावलं. औषध धरायला लागलं होतं. भरल्यावर सुरुवातीला मांस मऊ असतं, मग ते हळूहळू घट्ट होत जातं आणि दुपार कलली की चामड्याचा जोडा. नंतर ओठ वळवायला गेलं तर फाटतो. आणि फाटलेला ओठ झाकायला या जगात मलम नाही.

“टाका काडतो,” तो म्हणाला. “पर व्हईलच आसं सांगत न्हाई. तुमी भाईर बसा.”

“मी भाईर बसले म्हनूनच ह्ये आसं झालं.”

आतल्या खोलीत त्यानं आजवर कुणा घरच्याला घेतलं नव्हतं. आप्पाच्या नंतर त्या खोलीत तो आणि टेबलावरचं, एवढेच. पोरं शिकायला येतात ती पलीकडच्या हॉलमध्ये, तीही नाकाला रुमाल लावून. त्यानं पुतण्याकडं बघितलं. पुतण्या आधीच अंगणात निघाला होता. पीरसाबनं ट्रॉली आत ओढली आणि दार मागं लोटलं नाही. शांतम्मा आत आली, पदर कमरेला खोवला, एक स्टूल ओढलं आणि बसली.

टाका निघाला. गालातला कापूस निघाला. उजव्या गालाला आतून थोडा दाब पडून खळगा राहिला, तो काही उठेना. डाव्या कोपऱ्याला पीरसाबनं कोमट पाण्याचा बोळा लावला, चिमटीत धरून वळवून बघितला. ओठ वळला आणि सोडल्याबरोबर परत सरळ झाला. त्यानं बोळा आणखी भिजवला. पाणी गळ्यावर ओघळलं.

“आसं न्हवं,” शांतम्मा म्हणाली. “घाई करू नका.”

“घाई मी करतोय? घाई गाडीला हाय.”

“विडीचं पान असंच तडकतंय. भिजवायचं, निथळू द्यायचं, आन् वल्या गोनपाटात गुंडाळून गप ठिवायचं. वरनं पानी मारत बसलं की काळं पडतंय.”

“ह्ये पान न्हवं अक्का.”

“मग काय हाय? सुकलंय तर दोनीबी.”

हे पीरसाबला ठाऊक नव्हतं असं नाही. आप्पानंही ओलं फडकं पिळून ठेवायलाच शिकवलं होतं. पण रागाच्या भरात आणि मोबाइलच्या घंटीत त्याचा हात सुटला होता. जास्त पाणी झालं की वरचं कातडं सुटून येतं, तेही ठाऊक होतं. त्यानं बोळा टाकून दिला. मऊ फडकं घेतलं, ग्लिसरीन घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि ओठाच्या कोपऱ्यावर घडी करून ठेवलं. फडकं गार झालं की शांतम्मानं हात पुढं करायचा, पीरसाबनं दुसरं द्यायचं. ती पिळायची. पिळावं तर तिनंच. थेंब राहायचा नाही.

अशात बोलायला काही नसतं आणि बसायचं तर असतं.

“तुमच्या घरात कोन कोन हाय, भाई?”

“कोन न्हाई.”

“कोन न्हाई म्हंजी?”

“मी हाय की.”

“मालकीन?”

“गेली. दोन उनाळं झाले. पोरगा पुन्याला असतोय, कंपनीत. सासुरवाडीला सांगतोय, अब्बा मेडिकलला टेक्निशन हाईत.” पीरसाबनं नवं फडकं पिळायला दिलं. “नात हाय, जोया. आली की माज्या अंगाला वास येतोय म्हन्ती. मला काय येत न्हाई. ह्या औशदानं नाकच गेलंय. फोडनी करपली तरी कळत न्हाई.”

“मग सैपाक कसा करता?”

“बगून. काळं पडलं की उतरवायचं.”

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या खोलीत कमरुन्निसा होती तोवर नाकाचं काम तिच्याकडं होतं. दूध लागलं, गॅस चालू राहिला, सदऱ्याला दवाखाना लागलाय, सगळं तीच ओरडून सांगायची. ती गेल्यापासून घरात वास नावाची गोष्टच उरली नव्हती. गल्लीतली माणसं वाईट नव्हती. सलाम करायची, ईदला शीरखुर्मा पाठवायची. पण लग्नाच्या जेवणात शेजारी बसायची वेळ आली की कुणाला तरी हात धुवायला उठायचं असायचं. चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी वेगळा ग्लास कुणी ठेवला नव्हता. त्यानंच आपणहून कागदी कप मागायला सुरुवात केली होती, आणि टपरीवाल्यानं एकदाही “कशाला” म्हणून विचारलं नव्हतं.

“मालकिनीचं मग तुमीच केलं आसंल की सगळं,” शांतम्मा म्हणाली.

“न्हाई. आमच्यात ह्ये आसलं कायबी लागत न्हाई. आंगूळ, कफन, माती. दिवस मावळायच्या आत. आन् आंगूळ बायांनीच घातली. मी भाईर खुर्चीवर बसून व्हतो.” तो पापणीवरचा बोळा सारखा करत राहिला. “ओट सुकले व्हते तिचे. ताप व्हता ना. दारातनं दिसले. म्हनलं सांगावं कुनाला तरी, जरा पान्याचं बोट फिरवा. पर बाया रडत व्हत्या. आन् मी सांगायला गेलो तर म्हनल्या असत्या, ह्यो हितंबी कामावर आला.”

शांतम्मानं फडकं पिळलं, झटकलं. “बरंच झालं. तुमी हात लावला असता तर तिचीबी सायबीन केली असती.”

पीरसाब हसला. फरशीच्या भिंती असलेल्या त्या खोलीत हसण्याचा आवाज घुमला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं मल्लेशमकडं बघितलं, जसं काही त्याची माफी मागायची होती.

“त्येंला काय न्हाई,” शांतम्मा म्हणाली. “मागाच्या खडखडाटानं कान गेले व्हते. मी दिवसभर शिव्या घातल्या तरी हसायचे.” मग ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि तेलुगूत काहीबाही बोलली. सुरुवातीचं ‘एमंडी’, म्हणजे ‘अहो’, तेवढं पीरसाबला कळलं, सोलापुरात राहून तेवढं कळतंच. पुढचं त्यानं कळून घेतलं नाही. कपाट उघडून उगीच बाटल्या इकडच्या तिकडं केल्या.

बाहेरून पुतण्या ओरडला, “उमरगा पास झाले!”

पीरसाबनं फडकं काढलं. ओठाची कड सैल झाली होती. त्यानं मलम बोटावर घेऊन आतून बाहेरून चोळलं, चिमटीत धरून कोपरा वर घेतला आणि आत कापसाची वात सरकवली. ओठ वर राहिला. पण दिसायला लागलं ते रागावल्यासारखं. दुखतंय आणि सांगत नाही, अशा माणसाचं तोंड. त्यानं वात काढली, बारीक केली, परत घातली. आता हसल्यासारखं.

“ह्ये हसू झालं. आसं न्हवं,” शांतम्मा म्हणाली. “वडायचे.”

“तुमी सांगताय त्ये मला दिसत न्हाई अक्का. मी बगितलंच न्हाई त्येंला. मी कसं करू?”

आपल्या कामात त्याच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. कुणी विचारणारंच नव्हतं म्हणून निघालं नव्हतं.

शांतम्मानं हात पुसले आणि उठली. विडी वळणाऱ्या बाईची बोटं. टोकाला नखं लांब ठेवलेली, पानाची कड आत मुडपायला. तिनं अंगठा ओठाच्या आतून घातला, वरून पहिलं बोट ठेवलं आणि विडीचं तोंड बंद करतात तसा तो कोपरा जरासा आत मुडपून बाहेर काढला. अगदी थोडा. मग नखानं मधोमध एक रेघ दाबली, सुताची खाच असेल तिथं. पीरसाब वाकून बघत होता, कातडं सुटतंय का. सुटलं नाही.

“धरून ठेवा,” तो हळू म्हणाला. “सोडू नका. धरू द्या औशदाला.”

ती धरून उभी राहिली. तिचा हात भरून आला तेव्हा पीरसाबनं आपलं बोट तिच्या बोटाच्या जागी सरकवलं आणि तो धरून उभा राहिला. मग परत ती. नळदुर्ग पास झाल्याचा निरोप आला तेव्हा कोपऱ्यावर तिचं बोट होतं. तिनं ते सावकाश उचललं.

ओठ तसाच राहिला.

शांतम्मा दोन पावलं मागं झाली. मान तिरपी करून बघितलं. रडेल असं पीरसाबला वाटलं, पण तिनं नाकाला पदर लावला आणि नवऱ्याला दटावलं, “आं, आता कसं? उगी मानूस कावराबावरा केला.” मग उजव्या गालाच्या खळग्याकडं बोट केलं. “ह्ये?”

“त्ये माजं चुकलं. त्ये आता उटनार न्हाई.”

“ऱ्हाऊ द्या. हळद लावू जाड. कुनाला दिसतंय?”

गाडी आली तेव्हा ट्रॉली बाहेरच्या खोलीत होती. हळद, कुंकू, गळ्यात फुलं. लक्ष्मीपती उतरला तो प्रवासाच्या कपड्यात, दाढी वाढलेला, पाठीवरची बॅगही काढायची विसरलेला. बरोबर मामा, चुलते, भावकी. दारापाशी थोडी ढकलाढकल झाली. पीरसाब आतल्या दाराच्या मागं उभा राहिला. तिथून त्याला पोराची पाठ आणि मल्लेशमचे पाय दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. आपण केलेलं तोंड घरचे बघतात तेव्हा तो असाच आत असायचा. एरवी बोळे गोळा करायला लागायचा. आज त्यानं कशालाच हात लावला नाही.

भावकीतल्या कुणीतरी “नमस्कार कर” म्हटलं, पोरानं ऐकलं नाही. मग तो वाकला. त्याचा अंगठा बापाच्या ओठाकडं गेला.

“तोंड हाय तसंच ऱ्हायलं की गं अम्मा,” तो म्हणाला. आणि पाठीवरच्या बॅगेसकट खाली बसला. मग जे रडणं निघालं ते अंगणातल्या झाडाखाली बसलेल्या ड्रायव्हरनंही मान वर करून ऐकलं.

शांतम्मा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बॅगेचा पट्टा सोडवायला बघत होती आणि तो सुटत नव्हता.

पुढचं लवकर झालं. लांब जायचं होतं. पुरुषांनी मयत गाडीत घेतलं, कुणी सह्या करून कागद घेतला, कुणी पाण्याच्या बाटल्या चढवल्या. पुतण्या पीरसाबला हात दाखवून गेला. शांतम्मा शेवटी चढली. पायरीवर पाय ठेवून तिनं मागं बघितलं. पीरसाब दारात आला होता. मयताच्या ठिकाणाहून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, आणि दारातल्या माणसानंही ‘या’ म्हणायचं नसतं. इतकी वर्षं या दारातून माणसं अशीच गेली होती, न सांगता, आणि पीरसाबला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज तोंडापर्यंत आलेलं त्यानं गिळलं. शांतम्मानंही नुसती मान हलवली. आतून कुणीतरी तिला हात दिला आणि दार ओढून घेतलं.

धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला. मग आत गेला.

टेबल धुतलं. मोरीत पाणी सोडलं. फडकी साबणात टाकली. स्टूल खोलीच्या मधोमध तसंच होतं, ते उचलून त्यानं भिंतीकडं नेलं. तिथं ठेवायला जागा नव्हती म्हणून परत आणलं आणि दाराशी ठेवलं. डबा उघडला, भाकरीचा एक तुकडा मोडला, चघळून बघितला. चव लागली नाही. ती रोजच लागत नव्हती.

दुपारच्या तासाला पोरं यायची होती, आणि सकाळपासून हॉलकडं जायलाच झालं नव्हतं. त्यानं बादलीत पाणी घेतलं, ग्लिसरीन ओतलं, हातानं ढवळलं आणि हॉलचं दार पायानं ढकललं. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. टेबलांवरच्या मयतांवर टाकलेली फडकी कडेकडेनं कडक व्हायला लागली होती. भिंतीकडच्या पहिल्या टेबलाशी त्यानं बादली टेकवली, फडकं उचललं, पाण्यात दाबलं, घट्ट पिळलं आणि परत पसरलं. पायाकडचं टोक नीट खाली ओढून घेतलं. मग बादली उचलून दुसऱ्या टेबलाकडं सरकला.